गरिबाचें देणें

(पाठ: करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय ८ वा, रोमकरांस पत्र, अध्याय १५ वा, ओव्या २५ ते २७)



आपल्या मराठी भाषेंत ‘देणें’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. आपल्या हातांतलें दुसऱ्यास द्यावें, तेंही देणें. आणि सावकाराच्या वहींत आपल्या नांवावर चढलेलें असतें, तेंही देणेंच. पहिल्या देण्यानें मनुष्याची मान ताठ होते, दुसऱ्यानें ती खालीं जाते. आज मला इतकेंच सांगावयाचें आहे कीं, ख्रिस्ती मनुष्याच्या घरीं हे दोन्ही अर्थ एक होतात. आणि ज्या मंडळीला हें उमगलें, तिच्यांत देणारा फुगत नाहीं व घेणारा लाजत नाहीं.

पौल प्रेषिताच्या काळीं यहूदीयांतील बंधुजन मोठ्या टंचाईंत होते. क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींत दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखियाच्या शिष्यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें मदत जमविली व ती बर्णबा आणि शौल यांच्या हातीं पाठविली, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. पुढें पौलानें हेंच काम गलतिया, मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांत चालविलें. त्यांतील मासेदोनियाच्या मंडळ्या आपणांसारख्याच होत्या. त्यांच्या दारिद्र्यास तळ नव्हता, आणि वर छळ सोसावा लागे, असें पौल लिहितो. अशा लोकांपाशीं कोण मागेल? पण त्यांनींच आर्जव केलें कीं, यरुशलेमच्या पवित्र जनांच्या या सेवेंत आमचाही वांटा असूं द्यावा.

याचें मर्म रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. मासेदोनिया व अखया येथील लोकांनीं हें आपखुशीनें केलें, असें सांगून पौल लागलीच म्हणतो कीं, ते ऋणीही होते. सुवार्ता यरुशलेमाहून निघाली आणि त्यांच्या दारापर्यंत पोंचली; जें आत्म्याचें त्यांस मिळालें, त्याची फेड अन्नवस्त्रानें करणें त्यांस प्राप्त होतें. पाहा, आपलें मराठी ‘देणें’ येथें दोन्ही अर्थांनीं उभें आहे. जो खुशीनें देतो, तोच देणेकरी आहे.

आतां कोणी म्हणेल, “आम्ही गरीब. पाऊस चुकला म्हणजे आमची चूल विझते. मुलाची फी, म्हाताऱ्याचें औषध, गेल्या सालचें कर्ज, यांतून उरतें काय? आम्हीं घेणारे, देणारे दुसरे.” हें बोलणें खोटें नाहीं, आणि तें हंसण्यावारी नेणाऱ्या उपदेशकानें आधीं आठ दिवस मजुरीवर जाऊन पाहावें. मार्काच्या बाराव्या अध्यायांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण आवडीनें सांगतों; पण तिच्या अगोदरच्या ओव्यांत, विधवांचीं घरें गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूनें कडक शब्द लाविले आहेत, हें सांगण्यास आपण विसरतों. जी मंडळी विधवेच्या टोल्या मोजून घेते व तिच्या घराकडे पाहत नाहीं, तिनें ही गोष्ट जपूनच वाचावी. देवाला मनुष्याच्या ऐपतीप्रमाणें मान्य होतें. जें त्याच्यापाशीं नाहीं, त्याचा हिशेब देव मागत नाहीं, असें पौल स्पष्ट लिहितो.

तरीपण गरिबाला देण्यांतून वगळणें हीही त्याच्यावर दया नव्हे. ज्याला कोणी कधीं कांहीं मागत नाहीं, त्याला आपण मनांतून हलका धरिलेलें असतें. सारफथच्या विधवेच्या मडक्यांत मूठभर पीठ उरलें होतें. तेंच एलीयानें मागितलें, आणि त्या मागण्यानें तिला देवाच्या कामांत जागा मिळाली.

मूठभर अन्नाची अशी एक गोष्ट आपल्याच देशांतली आहे. ईशान्येकडे मिझोराम म्हणून डोंगरी प्रांत आहे. तेथें १८९४ सालीं पहिले मिशनरी स्थायिक झाले आणि १८९९ सालीं पहिले बाप्तिस्मे झाले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनीं, १९१० सालीं, तेथील प्रेस्बिटेरियन मंडळींतील स्त्रियांनीं एक रीत सुरू केली. तिला मिझो भाषेंत ‘बुहफाई थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते, तेव्हां त्यांतून एक मूठ वेगळ्या भांड्यांत ठेविते. साठलेले तांदूळ मंडळींतील स्त्रिया गोळा करितात, ते विकून पैसा करितात, आणि तो सुवार्तेच्या कामीं लाविला जातो. त्या डोंगरांतल्या बाईच्या हातीं रोकड फार थोडी असे. पण चूल तिच्या ताब्यांत होती, आणि चुलीपाशीं तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. म्हणून तिनें चुलीपाशींच वेदी बांधिली. ही रीत आजही चालू आहे, आणि जो प्रांत एके काळीं केवळ मिशनरींचें कार्यक्षेत्र होता, तो आज इतर प्रांतांत आपले सुवार्तिक पाठवितो. एका मुठीनें घरांतलें कोणी उपाशी राहिलें नाहीं. शंभर घरच्या शंभर मुठी दिवसांतून दोनदां पडल्या, तेव्हां कोठार भरलें.

या गोष्टींत दोन गुण आहेत: एक, सर्वांनीं मिळून देणें, दुसरा, नेमानें देणें. या दोहोंचें फळ आपल्या महाराष्ट्राच्या पदरांत कसें पडलें, तें पाहूं.

१७९२ च्या आक्टोबर महिन्याच्या २ तारखेस इंग्लंडांत केटरिंग गांवीं, एका विधवेच्या घरच्या मागील खोलींत थोडेसे बाप्टिस्ट उपदेशक जमले. त्यांत कोणी श्रीमंत नव्हता. विल्यम केरी हा तर जोडे शिवून पोट भरलेला मनुष्य. त्यांनीं आपापल्या नांवावर रकमा लिहून दिल्या. त्यांची बेरीज १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स झाली. एवढ्या पुंजीवर त्यांनीं परदेशांत सुवार्ता पाठविण्याची संस्था स्थापिली. हाच केरी बंगाल्यांत आला, श्रीरामपुरास राहिला, आणि त्याच्या छापखान्यांतून १८११ सालीं मराठी नवा करार छापून निघाला. आज आपल्या झोळींत जें शास्त्र आहे, त्याच्या मुळाशीं त्या खोलींतल्या कनवटीच्या नाण्यांचें ऋण आहे.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्च वर्णांतील हिंदु स्त्रियांच्या, विशेषतः बालविधवांच्या, स्थितीविषयीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें व गांवोगांवीं फिरून व्याख्यानें दिलीं. १८८७ सालच्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्या आश्रयाखालीं अनेक गांवीं लहान लहान मंडळें निघालीं. त्यांस ‘रमाबाई सर्कल’ म्हणत. सर्कल म्हणजे कडें. हातांत हात धरून माणसें उभीं राहिलीं म्हणजे होतें तसें. त्या कड्यांत येणाऱ्यानें वर्षाला निदान एक डॉलर द्यावा, आणि तो एक वर्ष नव्हे, दहा वर्षें द्यावा, असा करार असे. त्यांत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचीं माणसें होतीं. त्यांतील बहुतेकांनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नव्हता, आणि ज्या विधवेसाठीं तीं देत होतीं, तिचें नांवही त्यांस ठाऊक नव्हतें.

त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें; पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. सदनांत येणाऱ्या मुलीला धर्माची अट नव्हती. तेथें आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांनीं तिच्याशीं पुनर्विवाह केला, आणि १८९६ सालीं त्याच कर्व्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढिला. पेरलेल्या दाण्याचें कणीस कोणाच्या शेतांत येईल, हें पेरणाऱ्यास कळत नाहीं.

पण त्याच १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांसारख्या थोर सल्लागारांनीं अंग काढून घेतलें, आणि कित्येक पालकांनीं आपल्या मुली परत नेल्या. त्या वेळीं सातासमुद्रांपलीकडल्या त्या कड्यांनीं हात सोडिला असता, तर सदन बंद पडलें असतें. त्यांनीं चौकशी केली, आणि दिलेलें वचन पाळिलें. दहा वर्षांची मुदत भरल्यावर १८९८ सालीं रमाबाई पुन्हां अमेरिकेस गेल्या व झालेल्या कामाची हकीकत त्यांनीं देणाऱ्यांपुढें ठेविली. तोंवर दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींनीं केडगांवची मुक्ति भरून गेली होती.

बंधूंनो, एक डॉलर देणें सोपें होतें. दहा वर्षें देणें कठीण होतें. करिंथकरांची चूक येथेंच झाली. तें श्रीमंत बंदराचें शहर. निधीची गोष्ट निघतांच त्यांनीं वर्षापूर्वीं मोठ्या उमेदीनें आरंभ केला, आणि मग हात आंखडला. म्हणून पौलास त्यांना लिहावें लागलें कीं, आरंभ केला तसा शेवटही करा. आपल्या खेड्यांतही आरंभ करणारे पुष्कळ. पहिल्या महिन्यांत पेटी जड, तिसऱ्यांत हलकी, आणि वर्षाखेरीस तिच्यांत कोळ्याचें जाळें.

पेटी हलकी कां होते? नेहमीं आळसामुळेंच होते असें नाहीं. याविषयीं माझी स्वतःची एक चूक सांगतों. ती लपवून उपदेश करणें बरें नव्हे.

मी एका खेड्यांत उपदेशक असतां आम्हीं दहा घरांचा असा एक गट केला. दर रविवारीं प्रत्येकानें जोंधळा किंवा बाजरी आणावी. साठलेल्या धान्यांतून गांवांतल्या अडलेल्यास द्यावें. लोकांस उत्तेजन यावें म्हणून हंगामाच्या सणाच्या दिवशीं मीं वही उघडली व प्रत्येकाचें नांव आणि धान्य मोठ्यानें वाचिलें. कोणाची पायली, कोणाचें मापटें. ज्यांची पायली होती, त्यांचीं तोंडें फुललीं. शेवटचें नांव मजुरी करणाऱ्या एका विधवेचें होतें. तिची एक एक मूठ. मागच्या बाजूस कोणीतरी हंसलें. मलाही तें ऐकूं आलें, आणि मी पुढें वाचीत गेलों.

त्यानंतर ती बाई तीन रविवार उपासनेस आली नाहीं. मी तिच्या घरीं गेलों व म्हणालों, “मावशी, मूठ लहान म्हणून मनाला लावून घेऊं नका. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे.”

ती म्हणाली, “मास्तर, ती गोष्ट मला पाठ आहे. पण प्रभूनें त्या बाईचें नांव सांगितलें का?”

मला उत्तर सुचेना. मग ती म्हणाली, “मूठ लहान आहे याची मला लाज नाहीं. पण उद्यां मी आजारी पडलें, तर त्याच कणगींतलें मला लागेल. तेव्हां ज्यांनीं पायली ऐकली, ते म्हणतील, हिनें मूठ टाकली आणि आतां मापटें नेते. मग मी उपाशी राहीन, पण तुमच्या दारीं येणार नाहीं.”

त्या दिवशीं मला कळलें कीं, मीं दानाची वही वाचिली नव्हती; मीं सावकाराची वही वाचिली होती. कोणाचें जास्त, कोणाचें कमी, हें मांडून मीं देणाऱ्यांस धनको केलें आणि घेणाऱ्यांस ऋणको केलें. पौलाच्या हिशेबांत तर सारेच ऋणको. धनको एक ख्रिस्त. पुढच्या रविवारीं मीं मंडळीपुढें क्षमा मागितली. तेव्हांपासून आम्हीं एकूण जमा किती व एकूण खर्च किती, इतकेंच वाचीत असूं. धान्य एकाच मोठ्या टोपलींत सर्वांनीं एकदम ओतावयाचें. मूठ कोणाची व पायली कोणाची, हें ओतल्यावर कोणास ओळखूं येत नसे. ती बाई परत आली. तिच्या कड्यांतील लोकांनीं धान्य मोजण्यास जे दोघे निवडले, त्यांत पुढें तिला घेतलें. आणि सांगतों, तिच्या मापांत कधीं दाणा कमी भरला नाहीं.

देणाऱ्याचें नांव झांकावें. पण हिशेब झांकूं नये. पौलासारखा प्रेषित, त्याच्या सचोटीविषयीं कोण शंका घेणार? तरी एवढ्या मोठ्या निधीच्या बाबतींत कोणी आपणांस दोष देऊं नये म्हणून त्यानें पैसे एकट्यानें नेले नाहींत. तीताबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला बंधु दिला. देवासमोर बरें असणें त्याला पुरेसें वाटलें नाहीं. माणसांसमोरही तें बरें दिसावें, अशी त्यानें तजवीज केली. यरुशलेमांतही विधवांच्या रोजच्या वांटणीविषयीं कुरकुर निघाली, तेव्हां प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस दटाविलें नाहीं. लोकांकडून सात माणसें निवडून घेतलीं व काम त्यांच्या स्वाधीन केलें.

ज्या गांवीं असा गट काढण्याची इच्छा असेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. आठ-दहा घरें पुरेत. फार मोठा गट झाला म्हणजे एकमेकांचें दुःख कळत नाहीं. पौलानें करिंथकरांस सांगितलें त्याप्रमाणें आठवड्याचा पहिला दिवस नेमावा, आणि प्रत्येकानें घरींच वेगळें काढून ठेवावें. रक्कम ठरवूं नये, नेम ठरवावा. पैसे असतील तर पेटीला दोन कुलुपें असावींत व दोन किल्ल्या दोन घरीं राहाव्या. उपदेशकानें किल्ली आपल्याकडे ठेवूं नये, परंतु पहिली मूठ त्याची असावी. पेटी दोघांच्या देखत उघडावी, वहींत लागलीच लिहावें, आणि महिन्यांतून एकदां जमाखर्च मंडळीपुढें वाचावा. कोणास द्यावयाचें, हें कड्यांतल्या सर्वांनीं प्रार्थना करून एकत्र बसून ठरवावें. तेथें पायली देणाऱ्याला जितका बोलण्याचा अधिकार, तितकाच मुठीवाल्याला.

आपल्या पुष्कळ बहिणी बचत गटांत आहेत. ती चांगली गोष्ट आहे. तिनें कित्येक घरें सावकाराच्या दारांतून सोडविलीं. पण बचत गटांत आपली ठेव आपणांकडे परत यावी अशी योजना असते, आणि कर्ज घेतलें तर तें व्याजासह फेडावें लागतें. या कड्यांत परत मागणें नाहीं. ज्यानें घेतलें, त्याचें दुःख सरलें म्हणजे तोही आपली मूठ टाकूं लागेल; न टाकली तरी त्याला कोणी विचारूं नये.

आणखी एक. कड्याचें तोंड आंतल्या बाजूस राहूं नये. आपल्या पेटीवर आपल्याच आळीचा हक्क आहे, असें धरलें, तर थोड्याच दिवसांत ती पेटी भांडणाचें मूळ होते. अंत्युखियाच्या मंडळींत हेल्लेणी लोक पुष्कळ होते, आणि मदत गेली ती यहूदीयाला. बोस्टनची माणसें ख्रिस्ती होतीं, आणि सदन उघडलें तें हिंदु विधवांसाठीं. तुमच्या वाडीच्या पलीकडे आग लागून कोणाचें छप्पर जळलें, तर तो कोणत्या धर्माचा व कोणत्या जातीचा, हें न विचारितां तुमच्या टोपलींतलें धान्य तेथें गेलें पाहिजे. ज्या विहिरीवर आपल्या वाडवडिलांस कोणी पाणी भरूं दिलें नाहीं, त्या विहिरीच्या मालकाच्या घरींसुद्धां एखादे वर्षीं चूल विझते. त्या दिवशीं आपल्या मुठी त्याच्या दारीं गेल्या, तर सुवार्ता काय आहे, हें त्याला व्याख्यानावांचून कळेल.

हें सर्व कशाच्या बळावर करावयाचें? करिंथकरांस पौलानें नियम सांगितले. मासेदोनियाचें उदाहरण दिलें. पण या दोहोंवर तो थांबला नाहीं. त्यानें त्यांस प्रभु येशू ख्रिस्ताच्या कृपेची आठवण दिली: तो धनवान होता, तरी आपल्याकरितां दरिद्री झाला, अशासाठीं कीं त्याच्या दारिद्र्यानें आपण धनवान व्हावें. आपलें मोठें देणें तें हेंच. तें या जन्मीं फिटावयाचें नाहीं, आणि त्याचा तगादाही कोणी लावीत नाहीं. त्यानें आपल्या वहींत आपलें नांव लिहिलें आहे खरें. पण तें बाकी दाखविण्यासाठीं नव्हे, पुत्र म्हणून लिहिलें आहे. अशा धन्याचे देणेकरी असणें हीच आपली श्रीमंती.

म्हणून, बहिणींनो, आज सांजेस पीठ मळावयास घ्याल, तेव्हां एक मूठ बाजूस काढा. बंधूंनो, बाजारचे पैसे मोजाल, तेव्हां एक नाणें वेगळें ठेवा. नांव लिहूं नका. येत्या रविवारीं तें सर्वांच्या टोपलींत ओता, म्हणजे तुमची मूठ कोणती व शेजाऱ्याची कोणती, हें तुम्हांसही ओळखतां येणार नाहीं. पाहणारा पिता तें ओळखील.

त्याला युगानुयुग गौरव असो. आमेन.